न्यूट्रल

गाडी दीड फुटाची. लातूरच्या एका पोराची,
तीन महिन्यांत त्याला कंटाळा आला म्हणून माझी.
माहितीपत्रक नाही. डब्यात दोन जास्तीचे स्क्रू,
कुठले, देव जाणे.
ट्रिगर दाबला की जागच्या जागी थरथरायची,
मग एकदम उधळून
अम्माच्या विड्यांच्या सुपाला धडकायची.

म्हणून रविवारी सकाळी सहाला गच्चीवर.
नऊनंतर सोलापूरचा एप्रिल
गच्चीवर कुणाला बसू देत नाही.

नायना शेजारी, पाटावर.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला जॉबर,
चोवीस मागांच्या मधोमध.
बारीक आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत :
दारावरची बेल, कुकर, अम्माचं रागावणं.
शेवटचं सोंग आहे, असं अम्माचं मत.

कंट्रोलर काडेपेटीएवढा. नखाएवढा पंखा, एक बटण.
बटण दाबून धरायचं, मग बॅटरी जोडायची.
पूर्ण ट्रिगर : एक बीप.
पूर्ण ब्रेक : दोन.
मग बोट काढून घ्यायचं आणि काहीही करायचं नाही.
ते 'काहीही नाही'
गाडीला पाठ करायचं असतं.
तीन बीप.

"वाजतं कुठून?" नायनांनी विचारलं.
"भोंगा तर दिसत नाही."
"मोटरच वाजते!" मी ओरडले. "आतल्या तारा!"
खालच्या गल्लीत श्रीशैल दात घासत होता,
त्यालाही कळलं.

नायनांनी तर्जनी मोटरवर ठेवली,
डाव्या हाताची बोटं वर केली :
एक.
दोन.
मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले, ऐकायचं विसरून.
तीन.

"झालं," मी म्हणाले.
त्यांनी बोट उचललं नाही.
"कण्हतेय अजून."
मला काही ऐकू येत नव्हतं. चाकं स्थिर.
कान मोटरला लावला : पंख्याची भुणभुण, बाकी नाही.
"कण्हतेय," ते म्हणाले, आणि डोळे मिटले,
बंद मागावर हात ठेवून मिटायचे तसे.

तेव्हा रिमोटच्या बाजूची ती छोटी चकती दिसली.
ट्रिम. दोन घरं पुढे.
त्या लातूरच्या पोरानं कधीतरी सरकवलेली,
आणि मी दर वेळी तेच वाकडं शून्य
गाडीला शिकवत होते.
दोन घरं मागे. पुन्हा बटण, पुन्हा सगळं.
नायनांनी बोट उचललं.

"पंच किती ठेवू?"
"पंच?" त्यांचा चेहरा उजळला.
त्यांच्याकडे पंच म्हणजे जकार्डच्या पुठ्ठ्याची भोकं.
चादरीवरचा मोर त्यातूनच यायचा.
मी हातवारे करून सांगितलं :
सुटताना झटका किती द्यायचा, ते.
"मग तीन. आधी मेल्लगा.
ताणा एकदा तुटला की
गाठी मारण्यात दुपार जाते."
हिला ताणा नाही, हे मी सांगितलं नाही.
तीन ठेवला.

विडी घरकुलाच्या मागच्या मोकळ्या रानात
गाडी सुटली, न थरथरता,
बाभळीला वळसा, खड्ड्यावरून उडी,
मागे धुळीची लांब रेघ.
एक कुत्रं धावलं, मग लाजून थांबलं.
नायना म्हणाले, "आवाज नाहीच हिला."
होता. बारीक, शिट्टीसारखा, वर वर चढत जाणारा.
मी हो म्हणाले.

सात मिनिटांनी गाडी परत आणली.
मोटरवर बोट ठेवून पाचपर्यंत मोजता आलं
तर तापलेली नाही, असा नियम.
मी तीनवर हात काढला.
नायना अकरापर्यंत गेले,
अजून जाणार होते.
"गार आहे," म्हणाले.
"तुमच्या बोटाला!"
"मग कुणाचं धरायचं?"

गिअरचा एक दात घासलेला निघाला,
ते दोन स्क्रू अजून डब्यातच आहेत.
जिना उतरताना त्यांनी चार बोटं दाखवली,
अम्माला दिसू नये अशी, लुंगीच्या आडून.
पुढच्या रविवारी पंच चार.